बाळंतिणीचा सव्वा महिना: काय पाळावे, काय सोडावे

बाळंतिणीला सव्वा महिना घरकामातून मोकळे ठेवण्याची आपली रीत शहाणपणाची आहे, कारण वाढलेले गर्भाशय मूळ आकाराला येण्यास साधारण सहा आठवडे लागतात. मात्र ही विश्रांती म्हणजे खाटेला खिळणे नव्हे. बाळंतपणानंतर काही आठवडे पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो, म्हणून डॉक्टरांना विचारून लवकरात लवकर, सिझेरियन झाले असले तरी शक्यतो पहिल्या २४ तासांत, आधाराने उठावे आणि रोज थोडे थोडे चालावे. बाळाहून जड काही उचलू नये. पाण्याची बादली, ओल्या कपड्यांचा पिळा आणि थोरले मूल कडेवर घेण्याचा हट्ट, हे सारे घरच्यांनी सांभाळावे.

टाके ओले होतील किंवा पोट सुटेल या भीतीने पाणी मोजून देण्याची चाल अजूनही अनेक घरांत आहे आणि ती पूर्णपणे सोडायला हवी. पाण्याचा टाक्यांशी संबंध नाही. उलट पाणी कमी पडले की मलावरोध होतो, कुंथावे लागते आणि त्यानेच टाक्यांवर ताण येतो. दर वेळी पाजायला बसताना शेजारी पाण्याचा तांब्या भरून ठेवावा. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेपू-मेथी, बाजरीची भाकरी हे सारे आवडीने खावे, परंतु त्यांच्यासोबत रोज डाळ, उसळ, दूध, आणि खात असल्यास अंडी-मासे यायलाच हवेत, कारण नुसत्या तूप-भातावर झीज भरून येत नाही. सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या असतात. त्या चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतल्या तर लोह अंगी कमी लागते.

कोमट पाण्याने अंघोळ आणि हलके मालीश सुखावते, मात्र सिझेरियनच्या जखमेला तेल लावू नये. दारे-खिडक्या बंद करून खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवणे तर जिवावर बेतू शकते, कारण कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही आणि त्याला वासही नसतो.

अंगावरून जाणे सुरुवातीला लाल असते, मग तपकिरी आणि पुढे पिवळसर होत थांबते. एका तासात पॅड पूर्ण भिजू लागला, मोठ्या गुठळ्या पडल्या, दुर्गंधी आली, ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक झाला, असह्य डोकेदुखीसह डोळ्यांपुढे अंधारी आली, एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली किंवा धाप लागली, तर काढा देत सकाळची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

पहिल्या काही दिवसांत अकारण रडू येणे सामान्य आहे. ते दोन आठवड्यांहून अधिक टिकले, किंवा बाळाला जवळ घ्यावेसेच वाटेना, तर त्याला नखरे न म्हणता डॉक्टरांकडे न्यावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, तर तिला क्षणभरही एकटे न सोडता तत्काळ रुग्णालयात न्यावे.

सहाव्या आठवड्यातील तपासणी, बाळाच्या लसीसाठी जाताना, आईचीही करून घ्यावी. त्यात रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि टाके पाहिले जातातच, पण गर्भनिरोधनाचेही तेव्हाच विचारावे, कारण पाळी परत येण्याआधीही दिवस राहू शकतात.