रोज नवा पदार्थ करायचा संकल्प केलात? मग या चुका टाळा

पहिल्यांदा मी हा संकल्प केला तेव्हा अकराव्या दिवशी हरले. रात्रीचे पावणेदहा वाजलेले, राजमा तिसऱ्यांदा कुकरला लावलेला, आणि लेक शांतपणे विचारत होती, "आई, साधा वरणभात मिळेल का?" अंधेरीच्या ऑफिसातून परळला घरी पोचायला आठ वाजतात. मी तो राजमा सकाळी भिजवायला विसरले होते आणि आल्यावर गरम पाण्यात तासभर ठेवून 'होईल' म्हणत बसले होते. झाला नाही. दुसऱ्या खेपेला बरीच पुढे आले, ती या चुका ओळखल्यामुळे.

कृती संध्याकाळी वाचणे

सगळ्यात महाग चूक हीच. आपल्याकडच्या निम्म्या पदार्थांची सुरुवात आदल्या दिवशी होते, आणि कृतीत ते एका शब्दात येतं: 'भिजवलेले'. राजमा, छोले यांना ८ तास हवेत. साबुदाण्याला ४-५ तास, आणि पाणी जेमतेम वर येईल एवढंच. वालाचं बिरडं करायचं तर रात्रभर भिजवून, मग दिवसभर फडक्यात बांधून मोड आणायचे, नंतर कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा. म्हणजे मंगळवारच्या बिरड्याचा विचार रविवारी रात्री व्हायला हवा. मी आता आठवड्याची यादी रविवारी करते आणि कृतीऐवजी फक्त भिजवण्याची वेळ फ्रिजवर चिकटवते. बाकीची कृती ट्रेनमध्ये वाचता येते, बसायला मिळालं तर.

राजमा भिजवायचा राहिलाच, तर भरपूर पाण्यात ५ मिनिटं उकळा, गॅस बंद करून झाकून तासभर ठेवा, ते पाणी ओतून द्या आणि मग कुकर लावा. टोमॅटो किंवा चिंच आधी घालू नका. आंबटात कडधान्य शिजत नाही, नुसतं टणक राहतं. माझ्या त्या रात्रीच्या राजम्यात टोमॅटोची प्युरी आधीच पडली होती, हे मला फार उशिरा कळलं. आणि अर्धकच्चा राजमा 'चालतंय' म्हणून वाढू नका. त्यातल्या लेक्टिन नावाच्या प्रथिनामुळे पोट चांगलंच बिघडतं. निदान १० मिनिटं खळखळून उकळल्याशिवाय ते जात नाही.

सगळंच नवं करणे

नवा मसाला, नवी पद्धत, नवं भांडं, न पाहिलेली भाजी, सगळं एकाच दिवशी. पदार्थ फसला तर नक्की काय चुकलं ते कळतच नाही. एका दिवसाला एकच गोष्ट बदला. समजा, पहिल्या दिवशी घावन. तवा पुरेसा तापला नाही की ते चिकटतं, पीठ दाट झालं की जाळी पडत नाही, हे त्या दिवशी शिकून घ्या. दुसऱ्या दिवशी त्याच पिठात काकडी किसून घाला. तिसऱ्या दिवशी सोबत नारळाचं दूध आणि गुळाचं घाटलं करा. नारळाचं दूध खळखळून उकळू दिलं तर फुटतं, एवढाच त्या दिवसाचा नवा धडा. हे तीन दिवस मोजायचे का, असं कोणी विचारलं तर मी बिनदिक्कत हो म्हणते. संकल्प आपलाच आहे ना?

वाटीला कप समजणे

इंग्रजी कृतीतला कप साधारण २४० मिलीचा असतो. माझी आमटीची वाटी मापून पाहिली तर १६० निघाली. टेबलस्पून १५ मिली, टीस्पून ५. हे दोन चमचे उलटसुलट झाले की मीठ तिप्पट. आणि खारट आमटीत कणकेचा गोळा टाकून काही होत नाही. तो जेवढं पाणी पितो, तेवढंच मीठ घेतो. त्यापेक्षा बिनमिठाची शिजलेली डाळ किंवा नारळाचं दूध घालून आमटी वाढवा, उरलेली उद्या खा.

मुंबईची हवा विसरणे

'पीठ १२ तास आंबवा' हे वाक्य कोणत्या गावात लिहिलंय ते बघा. आपल्याकडे मे महिन्यात इडलीचं पीठ त्याच्या कितीतरी आधी फुगून भांड्याबाहेर येतं आणि आंबट ढाण होतं. घड्याळ सोडा, पीठ बघा: फुगलं, बुडबुडे दिसले, की फ्रिजमध्ये. मी तर उन्हाळ्यात झोपायच्या आधी एकदा झाकण उघडून बघतेच.

ऋतूचंही तेच. जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, तेव्हा पापलेटचे नवे प्रकार त्या यादीत कशाला? सुकट, सोडे, सुके बोंबील यांचे दिवस ते. आणि पावसाच्या तोंडावर दादरच्या बाजारात रानभाज्या येतात. मी पहिल्यांदा शेवळं घेतली तेव्हा भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "काकडं घेतलीस का गं?" मला वाटलं, उगाच जास्तीची वस्तू गळ्यात मारतायत. घरी सगळ्यांचे घसे खवखवले. शेवळांत, अळूत, सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. म्हणून काकडाची आंबट फळं, चिंच, कोकम घालून नीट शिजवायची पद्धत पडली. अनोळखी भाजी घेताना विकणारीला विचारा, ती कृतीच सांगते, तीही फुकट.

बारक्या चुका

ढोकळ्याच्या पिठात फ्रूट सॉल्ट घातल्यावर फोन घेऊ नका. वाफवायचं पाणी आधीच उकळत हवं. भेंडी किंवा कोळंबी परतताना कढई भरून टाकू नका, पाणी सुटून ती शिजते, खरपूस होत नाही.

आणलेलं उरणे

लालबागच्या मसाल्याच्या दुकानांत शिरलं की हात सैल सुटतो. दगडफूल एका रश्श्याला चिमूटभर लागतं आणि आपण पाव किलो उचलतो. माझा नियम: नवी वस्तू आणली की त्याच आठवड्यात ती तीन पदार्थांत गेली पाहिजे. तीन सुचत नसतील तर आणायचीच नाही.

घरच्यांवर पूर्ण भार टाकणे

नवा पदार्थ एकच, थोडा, आणि बाजूला भात-वरण असतंच. भुकेल्या माणसाला प्रयोग खायला घालून मत विचारणं अन्याय आहे. सासूबाई "बरं झालंय" म्हणाल्या तर ते वाईट झालंय असं धरायचं. चांगलं झालं तर त्या काही न बोलता पुन्हा वाढून घेतात. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन करायच्या भानगडीत पडू नका, मी पडले होते आणि त्या रात्री वडापाव आणावा लागला.

आज वहीत ६३ वा दिवस आहे. वालांना छान मोड आलेत. सोलायला चौघांनाही बसवलंय, लेकीची कुरकुर चालू आहे.