पुण्यात बसून वसईचा इतिहास कसा अभ्यासावा

वसईचा इतिहास लिहायचा तर वसईला जावे लागतेच, परंतु अभ्यासाची सुरुवात पुण्यातून केलेली बरी. कारण मराठी अमलातील या बंदराचा कागदोपत्री संसार बराचसा पुण्यातच, पेशवे दफ्तरात, म्हणजे पेशव्यांच्या सरकारी कागदांच्या संग्रहात, बांधून ठेवलेला आहे.

आरंभी सत्तांतरांचा तक्ता करावा. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ च्या डिसेंबरात वसई पोर्तुगीजांना दिली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली, १७८० मध्ये इंग्रजांच्या जनरल गॉडर्डने घेतली, १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती मराठ्यांकडे परतली (शेजारचे साष्टी बेट मात्र इंग्रजांनी ठेवून घेतले) आणि पेशवाईच्या अखेरीस ती कायमची इंग्रजांची झाली. तथापि या तक्त्यावरून प्रकरणे पाडू नयेत. धनी बदलला म्हणून भातखाचरे आणि मिठागरे बदलत नाहीत. तेव्हा शेतसाऱ्यासारखी एखादी टिकून राहणारी बाब निवडून तीच प्रत्येक सत्तेच्या कागदांत शोधावी, म्हणजे खरोखर काय बदलले ते कळते. पोर्तुगीज बाजूसाठी सिमांव बोतेल्यो याने १५५४ मध्ये केलेली उत्पन्नाची नोंदवही, मराठी बाजूसाठी दफ्तरातील हिशेबी कागद आणि इंग्रजी बाजूसाठी १८८२ चे ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर, एवढी सामग्री सुरुवातीला पुरते.

अडचण येते ती तारखांची, आणि येथे घाई केल्यास पुढचे सगळे गणित चुकते. पोर्तुगीज ग्रेगरियन पंचांग वापरत, इंग्रज १७५२ पर्यंत जुन्या जूलियन पंचांगाला धरून होते आणि अठराव्या शतकात या दोहोंत अकरा दिवसांचे अंतर होते. त्यामुळे वसईच्या शरणागतीचा करार पोर्तुगीज गणनेने १६ मे १७३९ चा, तर मुंबईकर इंग्रजांच्या गणनेने ५ मेचा ठरतो. मराठी कागदांवर बहुधा शुहूर सन, म्हणजे मराठी दफ्तरांत रूढ असलेली वर्षगणना, असतो आणि तो अरबी संख्यावाचक शब्दांनी, एककापासून वर मोजत लिहिलेला असतो. ‘तिसा सलासीन मया व अलफ’ असे दिसले तर नऊ, तीस, शंभर आणि हजार मिळवून ११३९ येतात. हे वर्ष मृगाला बदलते. म्हणून इसवी सन काढताना मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या पत्रासाठी ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या पत्रासाठी ६०० मिळवावेत. वसई पडली ती या हिशेबाने ११३९ सरता सरता. तारखेआधी येणारा ‘छ’ हा चांद्र तिथीचा संकेत असून त्यापुढे सफर, रबिलावल असा हिजरी महिना येतो. मूळ तारीख आणि रूपांतरित तारीख या दोन्ही टिपणात शेजारी-शेजारी लिहाव्यात.

मूळ मोडी कागदांकडे वळण्यापूर्वी छापील साधने वाचावीत. गो. स. सरदेसाई यांनी १९३० च्या दशकात संपादित केलेल्या पेशवे दफ्तराच्या ४५ खंडांत वसई मोहिमेची पत्रे आहेत. त्यांत लढाईचा तपशील विपुल, कुळांची हकिगत तुटपुंजी. ती हवी असेल तर मोडी शिकून हे दफ्तर सांभाळणाऱ्या पुराभिलेखागारात रीतसर अर्ज करणे आणि रुमाल उघडणे याला पर्याय नाही. रुमाल म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गाठोडे. त्याचा क्रमांक पहिल्याच दिवशी टिपून ठेवावा, कारण नंतर तोच कागद पुन्हा सापडणे हे नशिबावर असते. १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाचे ग्रंथालय या कामी फार उपयोगी पडते.

विजेत्याच्याच पत्रांवर विसंबू नये. शरणागतीच्या अटींनुसार पोर्तुगीज शिबंदी शस्त्रांसह, वाद्ये वाजवत बाहेर पडली. हा सन्मान का दिला गेला, हे दोन्हीकडचे कागद ताडल्याशिवाय उमगत नाही. गंगाजी नाईक अंजूरकरांसारख्या स्थानिकांनी पेशव्यांकडे आधीपासून लावलेला तगादा लक्षात घेतला, तर ही मोहीम केवळ पुण्याची इच्छा नव्हती हेही दिसते.

३१ डिसेंबर १८०२ चा ‘वसईचा तह’ मात्र जपून वापरावा. यशवंतराव होळकरांकडून पुण्याजवळ पराभव झाल्यावर दुसरे बाजीराव वसईस पळाले म्हणून तो तेथे झाला; त्यातील तैनाती फौज आणि तिच्या खर्चासाठी तोडून दिलेला २६ लाखांचा मुलूख हा पुण्याच्या इतिहासाचा विषय आहे, बंदराच्या तक्त्यात त्याला एक ओळ पुरेशी आहे.