या चुका टाळा: व्हीएपीटीचा रिपोर्ट येतो, भोक मात्र तसंच राहतं

अंधेरीच्या एका ऑफिसात मी पहिला व्हल्नरेबिलिटी स्कॅन (मशीनमधल्या सुरक्षेच्या त्रुटी शोधणारी तपासणी) लावला तो भर दुपारी तीन वाजता. दहा मिनिटांत अकाउंट्समधून फोन, "अहो, प्रिंटर वेडा झालाय, लवकर या!" नेटवर्क प्रिंटरच्या ९१०० पोर्टवर (पोर्ट म्हणजे नेटवर्कवरचं क्रमांक दिलेलं दार) जे येईल ते तो मुकाट्यानं छापतो. स्कॅनरनं त्याची चौकशी केली आणि त्यानं ती चौकशीच कागदावर उतरवली. स्कॅनमध्ये प्रिंटरचा गट वेगळा करून ते पोर्ट वगळलं की हा त्रास जातो. पण त्या दिवशी एक कामाची गोष्ट कळली. सगळ्यात जास्त कागद ओकणारा प्रिंटर आमच्या मशीनच्या यादीतच नव्हता.

पहिली चूक हीच, बहुतेक ठिकाणी गाडी अडते ती इथेच. व्हीएपीटीवर, म्हणजे भोकं शोधून त्यांतून आत शिरता येतं का हे बघणाऱ्या तपासणीवर, पैसे खर्च होतात, जाडजूड रिपोर्ट येतो आणि तो कोणाच्या हातात द्यायचा हेच ठरलेलं नसतं. यादीत सर्व्हर असतात, लॅपटॉप असतात. सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, हजेरीचं बोट लावायचं मशीन, व्हेंडरनं "तात्पुरता" आणून ठेवलेला पीसी यांचा पत्ता नसतो. माझी एक युक्ती सांगतो: डीएचसीपीची (मशीनना नेटवर्कचा पत्ता वाटणारी सेवा) आणि स्विचची नोंद तर काढाच, पण अकाउंट्सकडून खरेदीची आणि एएमसीची (वार्षिक देखभालीची) बिलंही मागा. आयटी विसरतं, बिल विसरत नाही. आणि यादीत मशीनच्या मालकाच्या, म्हणजे जबाबदार माणसाच्या, रकान्यात "आयटी टीम" लिहू नका. माणसाचं नाव लिहा.

इक्विफॅक्स या लोकांच्या कर्जाची माहिती ठेवणाऱ्या अमेरिकी कंपनीचं २०१७ चं प्रकरण आठवा. अपाचे स्ट्रट्स या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरमधल्या त्रुटीचा पॅच (दुरुस्तीचं अपडेट) मार्चमध्ये आला होता, तो लावा असा ईमेलही कंपनीत फिरला होता. पण ज्याच्या हातात ती यंत्रणा होती त्याच्यापर्यंत तो पोचला नाही आणि स्कॅनलाही ती सापडली नाही. जवळपास १४.७ कोटी लोकांची माहिती गेली.

दुसरी चूक म्हणजे स्कॅनरला मशीनचं लॉगिन न देता स्कॅन करणं. म्हणजे दारावरची पाटी वाचून घरात कोण कोण राहतं ते सांगायचं. असा स्कॅन बरंच काही चुकवतो, वर खोटी भीतीही दाखवतो. रेड हॅट आणि उबुंटू हे लिनक्सचे प्रकार सुरक्षेची दुरुस्ती जुन्याच आवृत्तीत आणून बसवतात. आवृत्तीचा मूळ आकडा तोच राहतो आणि वरवर बघणारा स्कॅनर "जुनं आहे" म्हणून बोंब ठोकतो. अशा चारशे ओळींची एक्सेल एकदा ॲडमिनला पाठवलीत की पुढच्या वेळी खरी ओळही तो वाचणार नाही.

नुसत्या स्कोअरवर (त्रुटी किती गंभीर याचे दहापैकी गुण) जाणं ही तिसरी चूक. इंटरनेटशी संबंध नसलेल्या टेस्ट मशीनवरचा ९.८ थांबू शकतो, बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायच्या व्हीपीएनच्या पेटीवरचा ७.५ थांबू शकत नाही. अमेरिकेची सिसा ही सरकारी संस्था नोव्हेंबर २०२१ पासून प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या जाणाऱ्या त्रुटींची यादी ठेवते. ती फुकट आहे. आधी ती बघा.

आता वेळेचं. "अहो, मार्च एंड होऊ द्या, मग बघू" हे वाक्य मी मे महिन्यातही ऐकलंय. यावर रेल्वेचा धडा घ्यावा. रविवारचा मेगाब्लॉक आधी जाहीर होतो, लोक कुरकुरतात, पण त्याप्रमाणे बेत आखतात. मायक्रोसॉफ्टचे पॅच दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा (थंडीत साडेअकरा). म्हणजे आपला ब्लॉक वर्षभरासाठी आजच छापता येतो. फक्त सगळ्या मशीनवर एकदम लावू नका. आधी दहा, दोन दिवसांनी बाकीची. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटनं जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक आडवे झाले आणि आपल्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिसले.

आणि मला सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न: "पॅच लावला, तरी रिपोर्टमध्ये तेच कसं?" मी या क्रमानं बघतो. मशीन रीस्टार्ट झालं का? लिनक्सवर ओपनएसएसएल (जोडणी सुरक्षित करणारं सॉफ्टवेअर) नवं आलं तरी चालू सर्व्हिस मेमरीतली जुनीच प्रत वापरत राहते, ती बंद करून पुन्हा सुरू करावी लागते. मग जुनी प्रत कुठे पडून आहे का? जावा या बाबतीत कुप्रसिद्ध: नवी आवृत्ती येते, जुना फोल्डर जागीच. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजेनं (जावातलं नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर) सगळ्यांना रडवलं ते यामुळेच, ते भलत्याच सॉफ्टवेअरच्या पोटात लपलेलं होतं. वर पहिला पॅच अपुरा निघाला, आठवड्याभरात पुन्हा बसावं लागलं. तिसरं, काही दुरुस्त्या पॅचनंतर विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंग्जच्या नोंदवहीत) बदल केल्याशिवाय लागूच होत नाहीत, तेव्हा सूचना शेवटपर्यंत वाचा. चौथं, तोच लॅपटॉप वेगळ्या आयपीवर दुसरं मशीन म्हणून मोजला गेलाय का? हे सगळं बघूनही ओळ राहिली, तरच स्कॅनरवर संशय घ्या.

उलटाही प्रकार असतो, ओळ जाते आणि धोका राहतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिट्रिक्सच्या उपकरणांत निघालेल्या सिट्रिक्स ब्लीड या त्रुटीत पॅच लावल्यावरही आधी चोरलेली लॉगिनची सेशन्स चालूच राहत होती, ती मुद्दाम तोडावी लागली. कुलूप बदललं, पण चोर आतच.

किती मशीनना पॅच लागले याच्या टक्केवारीबद्दल मला रागच आहे. नालेसफाई शंभर टक्के झाल्याचं आपण दरवर्षी ऐकायचो, आणि दादरच्या हिंदमाताला पाणी तुंबायचं ते तुंबायचंच. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या हा घातक प्रोग्राम आला तेव्हा आपल्या जेएनपीटी बंदरातलं मार्स्क या जहाज कंपनीच्या समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. त्यानं वापरलेल्या विंडोजच्या भोकाचा पॅच १४ मार्चलाच आला होता. पण त्यातली खरी मेख वेगळी: एका पॅच नसलेल्या मशीनवरून नॉटपेट्या पासवर्ड उचलायचा आणि त्यांच्या जोरावर पॅच लावलेल्या मशीनमध्येही शिरायचा. डॅशबोर्डवर ९७ टक्के हिरवं दिसलं की साहेब खूश होतात. मी उरलेल्या तीनची नावं विचारतो.

त्या तिनात बहुधा एखादं विंडोज सात निघतंच, ज्याचा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये संपला आणि ज्याच्यावर कुठलं तरी जुनं मशीन चालतं. ते काढता येत नसेल तर वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात) टाका, इंटरनेट तोडा, विंडोजच्या फाइल शेअरिंगचं ४४५ पोर्ट अडवा आणि पॅच न लावण्याच्या अपवादाचा कागद करा. "पर्मनंट" असं लिहून आणलेला कागद मी परत पाठवतो. सहा महिन्यांपुढची तारीख चालत नाही, आणि सही आयटीची नाही, ज्यांना ते मशीन हवंय त्या विभागप्रमुखांची लागते.