रामनदीच्या पाणीतपासणीला निघण्यापूर्वी

पुण्याच्या पश्चिमेला खाटपेवाडीकडून येणारी रामनदी भूगाव, बावधन आणि पाषाण ओलांडून पुढे मुळेला मिळते. अशा छोट्या प्रवाहाची वर्षभर तपासणी करायची असेल, तर उपकरणांच्या आधी ठिकाणे पक्की करावीत. एक ठिकाण दाट वस्तीच्या वर, एक पाषाण तलावापूर्वी, एक तलावाच्या सांडव्याखाली आणि एक संगमाच्या अलीकडे असावे. तलावात गाळ खाली बसतो आणि पाण्याचे गुणधर्म पालटतात, म्हणून त्याच्या वरच्या व खालच्या नोंदी एकमेकींच्या जागी वापरता येत नाहीत. सांडपाण्याचा नाला मिळतो तिथे नेमका तोंडाशी नमुना घेऊ नये. एक नमुना नाल्याच्या वर आणि दुसरा पाणी पूर्ण मिसळल्यावर खाली घ्यावा, म्हणजे नाल्याने काय भर घातली ते वजाबाकीने कळते.

फेरीची वेळही दर वेळी तीच ठेवावी. पाण्यातले शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते आणि रात्री सगळेच जीव तो वापरतात, त्यामुळे विरघळलेला प्राणवायू पहाटे सर्वांत कमी आणि दुपारनंतर सर्वांत जास्त असतो. एका महिन्यात सकाळी सातला आणि दुसऱ्या महिन्यात दुपारी तीनला मोजून नदी सुधारली असे म्हणणे ही लोकांची फसवणूक ठरेल. आदल्या दोन-तीन दिवसांतला पाऊस वहीत अवश्य नोंदवावा.

आदल्या रात्री बाटल्यांवर ठिकाण, तारीख आणि वेळेची जागा असलेल्या चिठ्ठ्या चिकटवून ठेवाव्यात. ओल्या बाटलीवर त्या चिकटत नाहीत. साध्या तपासणीच्या बाटल्या नमुन्याच्याच पाण्याने तीनदा विसळाव्यात, परंतु कोलिफॉर्म, म्हणजे मैल्याचे प्रदूषण सुचवणाऱ्या, जिवाणूंसाठीची निर्जंतुक बाटली विसळू नये आणि तिच्या तोंडाच्या आतल्या बाजूस बोट लागू देऊ नये. पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता-अल्कता, मोजणारा मीटर घरीच ४ आणि ७ च्या प्रमाणित द्रावणांत तपासून घ्यावा.

विरघळलेल्या प्राणवायूची तयारी मात्र सर्वांत काळजीने करावी. काचेच्या बुचाची ३०० मिलिलिटरची बाटली बुडबुडा न राहू देता भरून मँगेनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड ही द्रावणे तिथेच, नदीकाठी घालावी लागतात. बाटलीत तपकिरी गाळ धरला तर प्राणवायू आहे, आणि तो पांढराच राहिला तर जवळजवळ नाही. ही द्रावणे त्वचेला व डोळ्यांना घातक असल्याने हातमोजे व चष्मा घ्यावा, आणि वापरलेले द्रव प्रवाहात न ओतता वेगळ्या डब्यात परत आणावेत. तुलनेसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे स्नानयोग्य पाण्याचे निकष वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत: विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान ५ मिलिग्रॅम, बीओडी (सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणू वापरतात तो प्राणवायू) कमाल ३ मिलिग्रॅम, पीएच ६.५ ते ८.५.

बारीक जाळी, पांढरा पसरट ट्रे आणि भिंग अनेक जण घरी विसरतात, याचे वाईट वाटते, कारण बाटली त्या क्षणाचे पाणी सांगते, तर दगडाखालचे किडे मागच्या कित्येक आठवड्यांचे सांगतात. मे-फ्लायची पिल्ले आणि खड्यांचे घरटे करणाऱ्या कॅडिस माशीच्या अळ्या भरपूर प्राणवायू असलेल्या पाण्यात आढळतात. हिमोग्लोबिनमुळे लाल दिसणाऱ्या अळ्या प्राणवायू अत्यल्प असतानाही तग धरतात, म्हणून केवळ त्याच उरल्या तर धोका ओळखावा. उलटलेला दगड होता तसा ठेवावा.

पात्रात एकट्याने उतरू नये. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालावेत, जखम असेल तर पाण्यात जाऊच नये, कारण लेप्टोस्पायरोसिसचा धोका खरा आहे. वरच्या डोंगरावर ढग दाटले असतील तर फेरी रद्द करावी. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने पुण्यात माणसे दगावली, तेव्हा ओढ्याला चढायला किती थोडा वेळ लागतो हे शहराने पाहिले आहे. पात्रात नमुने खालच्या ठिकाणापासून वर घेत जावे, प्रवाहाकडे तोंड करून, म्हणजे आपण ढवळलेला गाळ बाटलीत येत नाही.

प्रयोगशाळेशी आधीच बोलून वार ठरवावा. जिवाणूंचा नमुना बर्फाच्या पेटीत, शक्यतो सहा तासांच्या आत पोहोचवावा लागतो आणि बीओडीची चाचणी २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस चालते, तेव्हा गुरुवारी दिलेल्या बाटल्यांचे वाचन रविवारी येते. सोमवार किंवा मंगळवार सोयीचा.