स्मार्ट डिमर बसवताय? बल्ब फडफडायला लागायच्या आधी या चुका टाळा

स्मार्ट डिमर, म्हणजे दिव्याचा उजेड ॲपवरूनही कमी जास्त करणारा भिंतीवरचा स्विच, बसवला की पहिल्या काही दिवसांत येणाऱ्या तक्रारी जवळपास ठरलेल्याच असतात. बल्ब फडफडतोय, बंद केला तरी मिणमिणत राहतोय, बोर्डातून घूं घूं आवाज येतोय, ॲप म्हणतंय डिव्हाइस ऑफलाइन. मग लोक डिमर काढून परत करतात, दुसऱ्या कंपनीचा महाग डिमर आणतात आणि तोच त्रास पुन्हा सुरू, कारण बहुतेक वेळा दोष डिमरमध्ये नसतोच, डिमर, बल्ब आणि भिंतीतलं वायरिंग या तिघांचं आपसात जमत नसतं. म्हणजे खरं काम डिमर विकत घ्यायच्या आधीचं आहे आणि नेमकं तेच कोणी करत नाही, सगळे ॲपचे स्क्रीनशॉट बघून ऑर्डर करतात.

बोर्ड उघडून न बघता ऑर्डर करणं

साधा स्विच फक्त फेजची, म्हणजे करंट आणणारी वायर जोडतो आणि तोडतो, त्याला न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर लागतच नाही. त्यामुळे बऱ्याच जुन्या घरांत न्यूट्रल स्विचबोर्डात आणलेलीच नसते, ती वरच्या वर थेट दिव्याकडे गेलेली असते. स्मार्ट डिमरच्या आत मात्र रेडिओ आणि छोटा प्रोसेसर असतो, दिवा बंद असला तरी तो जागाच असतो, त्याला चोवीस तास थोडा थोडा करंट हवा. तो परत जायला न्यूट्रल पाहिजे.

न्यूट्रल नसली तर काय, तर त्यासाठीचे वेगळे डिमर मिळतात, पण ते स्वतःला लागणारा करंट बल्बमधूनच ओढतात. फिलामेंटचा बल्ब होता तोवर एवढ्याशा करंटने काही दिसत नव्हतं, एलईडीच्या ड्रायव्हरमधला (बल्बच्या आतल्या, एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटमधला) कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, मात्र तेवढ्यावरही हळूहळू भरत जातो आणि बंद केलेला बल्ब रात्री लुकलुकायला लागतो. यावर बायपास नावाचा छोटा तुकडा दिव्याजवळ, बल्बच्या दोन वायरींमध्ये समांतर बसवतात, की हा करंट बल्बऐवजी त्यातून जातो. लक्षात ठेवा, बायपास दिव्याच्या बाजूला लागतो, बोर्डात नाही. आणि डिमरच्याच कंपनीने सुचवलेला घ्या.

आता सगळ्यात धोकादायक चूक. बोर्डात न्यूट्रल सापडत नाही म्हणून अर्थिंगची वायर न्यूट्रलच्या जागी लावणं. असं केल्यावर डिमर चालतो, आणि चालतो म्हणूनच लोकांना वाटतं की जमलं. पण अर्थिंग ही फक्त बिघाडाच्या वेळी करंट वाहून न्यायला असते, रोजचा करंट त्यातून जायचा नसतो. उद्या ती वायर मागे कुठे तुटली किंवा ढिली झाली तर त्याच अर्थिंगला जोडलेल्या फ्रिजच्या, गीझरच्या पत्र्यावर करंट येऊ शकतो, आणि हात लावणाऱ्याला त्याचा काही पत्ता नसतो. आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की वीज तोडणारा स्विच, बसवलेली असेल तर ती ट्रिप होऊ शकते, नसेल तर काही कळतही नाही. कोणी वायरमन म्हणाला की चालतं हो, सगळे असंच करतात, तर त्याला सरळ नाही म्हणा.

याच्या जवळचीच दुसरी चूक म्हणजे शेजारच्या दुसऱ्या सर्किटची न्यूट्रल उसनी घेणं. दोन सर्किट वेगवेगळ्या आरसीसीबीवर असतील तर जाणारा आणि येणारा करंट जुळत नाही आणि आरसीसीबी उगाच ट्रिप होत राहते. शिवाय पुढे कोणी एक एमसीबी (त्या सर्किटचा मेन बोर्डातला ब्रेकर) पाडून काम करायला बसला तर त्याला बंद वाटणाऱ्या सर्किटच्या न्यूट्रलमधूनही दुसऱ्या सर्किटचा करंट वाहत असतो. फेज ज्या सर्किटची, न्यूट्रल त्याच सर्किटची, यात तडजोड नाही.

वायरच्या रंगावर पण जाऊ नका. काही देशांत काळी वायर न्यूट्रल असते, अमेरिकेत तीच फेज असते, नव्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत तपकिरी फेज आणि निळी न्यूट्रल, आणि जुन्या घरात दुरुस्ती करताना हाताला येईल तो रंग ओढलेला असतो. स्विचकडून दिव्याकडे जाणारी वायर न्यूट्रलच्या रंगाची आहे असंही सर्रास सापडतं. एमसीबी पाडा, मग मीटरने तपासा, आणि तो मीटर आधी चालू लाइनवर लावून बघा, मग बंद लाइनवर, मग परत चालूवर, म्हणजे मीटरच बंद पडलेला नव्हता याची खात्री होते. आत छोटा दिवा असलेल्या पेचकसासारख्या टेस्टरवर एकट्यावर भरवसा ठेवू नका, तो कधी शेजारच्या वायरच्या प्रभावाने उगाच उजळतो, कधी उजळायला हवा तिथे उजळत नाही. जुना स्विच सोडवायच्या आधी वायरींचा फोटो काढून ठेवा. आणि हे सगळं वाचून हात थरथरत असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा, काय तपासायचं हे तुम्हाला माहीत असलं तरी खूप झालं.

डिमेबल न लिहिलेला बल्ब लावणं

खोक्यावर डिमेबल लिहिलं नसेल तर तो बल्ब डिमरवर लावायचा नाही. साध्या एलईडीमधला ड्रायव्हर येईल त्या व्होल्टेजवर ठरलेला करंट द्यायला बनवलेला असतो, तुम्ही वीज कमी केली तरी तो झगडत तेवढाच उजेड द्यायला बघतो, मग एका ठिकाणी हरतो, विझतो, परत पेटतो, आणि हे फार वेळ चाललं तर ड्रायव्हर उडतो. सीएफएल आणि इलेक्ट्रॉनिक चोकच्या ट्यूबचंही तसंच.

पण डिमेबल लिहिलेला बल्ब आणूनही फडफड होते, इथे लोक खरे गोंधळतात. डिमर व्होल्टेज सरळ कमी करत नाही, तो प्रत्येक लहरीचा एक तुकडा कापतो. ५० हर्ट्झच्या विजेत सेकंदाला १०० अर्ध्या लहरी येतात, ६० हर्ट्झमध्ये १२०, आणि डिमर त्यातल्या प्रत्येकीचा थोडा भाग गाळतो. जुन्या पद्धतीचा डिमर लहरीची सुरुवात कापतो, त्याला लीडिंग एज म्हणतात, आत ट्रायॅक नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच असतो, तो फिलामेंट आणि हॅलोजनच्या जमान्यातला. दुसरा शेवट कापतो, तो ट्रेलिंग एज. सुरुवात कापली की व्होल्टेज शून्यावरून एकदम वर उसळी घेतं, एलईडीच्या कपॅसिटरला प्रत्येक वेळी करंटचा धक्का बसतो, आवाज येतो तो बहुधा यानेच. शेवट कापला तर चढ सावकाश असतो, म्हणून एलईडीला सहसा ट्रेलिंग एज जास्त मानवतो. उलट लोखंडी गाभ्याचा जुना जड ट्रान्सफॉर्मर असलेल्या दिव्यांना लीडिंग एजच लागतो, तिथे ट्रेलिंग लावू नका. बऱ्याच स्मार्ट डिमरमध्ये हा मोड ॲपमधून बदलता येतो, तो बदलून बघायच्या आधीच लोक डिमर परत पाठवतात, फार वाईट वाटतं.

त्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे डिमर कंपनीच्या साइटवर कुठले बल्ब तपासलेले आहेत त्याची यादी असते ती बघा, आणि एकदम १२ बल्ब घेण्याआधी एकच आणून लावून बघा. एका डिमरवरचे सगळे बल्ब एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे ठेवा, नाहीतर स्लायडर खाली नेताना एक आधी विझतो, दुसरा तसाच जळत राहतो.

वॅटचा हिशेबही इथेच चुकतो. डिमरवर ४०० वॅट लिहिलंय म्हणून ४०० वॅटचे एलईडी लावायचे नसतात, तो मोठा आकडा बऱ्याचदा फिलामेंटसाठी असतो आणि एलईडीसाठीचा वेगळा, पुष्कळ कमी आकडा बारीक अक्षरात खाली असतो. एलईडी वॅट कमी खातो पण करंट झटक्याझटक्याने ओढतो, त्या झटक्यांनी डिमर तापतो. तशीच खालची मर्यादाही असते, ती तर कोणी वाचतच नाही. कमीत कमी लोड, म्हणजे त्यावरच्या सगळ्या दिव्यांचे मिळून वॅट, २० मागणाऱ्या डिमरवर ५ वॅटचा एकच बल्ब लावला तर तो फडफडणारच, त्यात बल्बचा काय दोष.

सगळं बरोबर बसवूनही अगदी मंद उजेडावर फडफड राहिली तर ॲपमध्ये किमान ब्राइटनेसचं सेटिंग शोधा. बल्ब ज्या टक्क्याला फडफडायला लागतो त्याच्या थोडं वर ते ठेवायचं, बस. आणि एलईडी मंद केल्यावर जुन्या बल्बसारखा पिवळसर होत नाही म्हणून डिमरला नावं ठेवू नका, साधा डिमेबल एलईडी त्याच रंगात मंद होतो. तो पिवळेपणा हवा असेल तर डिम टू वॉर्म लिहिलेले बल्ब वेगळे मिळतात.

दिव्याच्या डिमरवर भलतंच काही लावणं

पंखा लावायचा नाही. पंख्याची मोटर दिव्याच्या डिमरवर घुमते, तापते, डिमरही जातो, पंख्याला त्याचा स्मार्ट रेग्युलेटर वेगळा घ्या. प्लग पॉइंट डिमरवर टाकायचा नाही, आज तिथे टेबल लॅम्प आहे, उद्या कोणी लॅपटॉपचा चार्जर खुपसेल.

स्मार्ट बल्ब आणि स्मार्ट डिमर एकत्र तर अजिबातच नको. स्मार्ट बल्ब स्वतःच आतून उजेड कमी जास्त करतो, त्याला पूर्ण आणि सतत वीज लागते, डिमरने लहर कापली की तो लुकलुकतो, नेटवर्कवरून गायब होतो. दोन्हीतलं एकच निवडा, रंग बदलायची हौस असेल तर बल्ब, नाहीतर डिमर, आणि माझं मत विचाराल तर भिंतीवरचा डिमरच बरा, पाहुण्यांना आणि घरच्या म्हाताऱ्या माणसांना ॲप न उघडता दिवा लावता येतो.

एलईडी स्ट्रिपचं थोडं वेगळं आहे. ती बहुधा १२ किंवा २४ व्होल्टवर चालते, मध्ये ड्रायव्हर असतो, आणि तो ड्रायव्हर भिंतीवरच्या डिमरने डिम होणारा आहे असं त्यावर स्पष्ट लिहिलेलं हवं, नाहीतर ड्रायव्हरच्या पुढे स्ट्रिपच्या बाजूला बसणारा वेगळा कंट्रोलर घ्या.

जिन्याच्या किंवा पॅसेजच्या टू-वे स्विचवर, म्हणजे एकच दिवा दोन ठिकाणांहून लावता येतो तिथे, दोन्हीकडे डिमर बसवायची हौस करू नका. एका दिव्याच्या लाइनवर एकच डिमर लहर कापू शकतो. दुसऱ्या टोकाला त्या डिमरशी जुळणारा जोडस्विच किंवा रिमोट बटण लागतं, किंवा काही मॉडेलमध्ये साधा स्विच चालतो पण त्याची जोडणी बदलावी लागते. कुठलं चालतं ते मॅन्युअलमधल्या आकृतीत असतं, आणि जुन्या टू-वे वायरी जशाच्या तशा डिमरला टोचल्या तर तो एका टोकाच्या स्विचने पूर्ण बंद पडतो आणि ॲपवरून गायब होतो.

बॉक्समध्ये कोंबून बसवणं

डिमर काम करताना थोडा कोमट लागतो, ते ठीक आहे. पण स्मार्ट डिमरची खोली साध्या स्विचपेक्षा जास्त असते, मागे वायरींचा गुंता, मग लोक दाबून, स्क्रू आवळून प्लेट बसवतात आणि आत एखादी वायर टर्मिनलमधून अर्धी निसटते. ढिला जॉइंट म्हणजे ठिणगी आणि उष्णता. विकत घ्यायच्या आधी बॉक्सची खोली मोजा, वायर टर्मिनलमध्ये घातल्यावर एकेक ओढून बघा, बारीक तारांच्या वायरीचा एकही धागा बाहेर राहू देऊ नका. एकाच बॉक्समध्ये शेजारी शेजारी २-३ डिमर असतील तर प्रत्येकाची क्षमता कमी धरावी लागते, किती ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं.

ऑफलाइन, ऑफलाइन, ऑफलाइन

वायफायवाले बहुतेक डिमर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. फोन ५ गिगाहर्ट्झवर असतो, राउटर दोन्हीला एकच नाव देतो आणि जोडणी अडते, अशा वेळी राउटरमध्ये २.४ चं वेगळं नाव करून जोडा. राउटरची सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ या वायफायच्या नव्या सुरक्षा पद्धतीवर ठेवली असेल तरी जुने डिव्हाइस जोडले जात नाहीत. लोखंडी बॅक बॉक्स सिग्नल अडवतो, मोबाइलला तिथे फुल रेंज दिसते म्हणून डिमरलाही मिळेल असं नसतं. आणि राउटर बदलला तर नव्याला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, घरभरचे डिमर परत जोडायची पाळी येणार नाही.

वीज जाऊन आली की दिवा काय करेल हे सेटिंगही पहिल्याच दिवशी बघा. काही डिमर आपोआप पूर्ण उजेडात चालू होतात आणि रात्री ३ वाजता झोपलेलं घर जागं होतं, तिथे आधी होतं तसंच किंवा बंद असा पर्याय निवडा.

बिघाड शोधायचा तर या क्रमाने

आधी ब्राइटनेस १०० टक्के करून बघा. पूर्ण उजेडातही फडफड असेल तर बल्ब डिमेबल नाही किंवा जोडणी ढिली आहे, मंद केल्यावरच असेल तर किमान ब्राइटनेस आणि कापायचा मोड बघा. मग एमसीबी पाडून एका एलईडीच्या जागी फिलामेंटचा बल्ब लावा, होल्डरला चालेल तेवढ्याच वॅटचा. फडफड थांबली तर लोड कमी पडत होता, बायपासने काम होईल. थांबली नाही तर वायरिंग किंवा डिमरवर संशय घ्या. डिमर अजिबात चालूच होत नसेल तर फेज आणि दिव्याकडे जाणारी वायर उलटी लागली आहे का ते आधी तपासा, ही अदलाबदल फार वेळा सापडते.

प्लेटला हात लावून हात काढून घ्यावा लागतोय, जळका वास येतोय, प्लॅस्टिक पिवळं तपकिरी पडलंय किंवा आतून तडतड ऐकू येतेय, यातलं एक जरी असेल तर सेटिंग शोधत बसू नका, एमसीबी पाडा, ती तशीच पाडलेली ठेवा आणि इलेक्ट्रिशियन येईपर्यंत एकदा लावून बघू म्हणून परत चालू करू नका.