लिंक्ड लिस्टमधला वेटोळा डीडीडीमध्ये दिसला

सी प्रोग्रॅम लिंक्ड लिस्ट छापताना अडकून बसायचा. ही म्हणजे नोडची साखळी: प्रत्येक नोडच्या 'नेक्स्ट'मध्ये पुढच्या नोडचा मेमरीतला पत्ता, आणि शेवटच्यात नल, म्हणजे 'पुढे काही नाही'. जीडीबी या डीबगरमध्ये (चुका शोधायच्या साधनात) प्रिंट करून एकेक नोडचा पत्ता ताडून पाहणं फार जिकिरीचं होतं, म्हणून त्याच जीडीबीवर चालणारं, डेटा चित्रात दाखवणारं डीडीडी उघडलं.

आधी मायनस जी (डीबगरसाठीची माहिती ठेवा) आणि मायनस ओ शून्य (ऑप्टिमायझेशन बंद) देऊन पुन्हा कंपाइल केलं. हे टाळू नका, ऑप्टिमायझेशन चालू असलं की नेमकं हवं तेच व्हेरिएबल गायब असतं. छापणाऱ्या लूपवर ब्रेकपॉइंट, म्हणजे प्रोग्रॅम थांबायची खूण, लावला आणि खालच्या कन्सोलमध्ये 'ग्राफ डिस्प्ले *हेड' दिलं (हेड म्हणजे पहिल्या नोडचा पत्ता). नोडची चौकट आली. त्यातल्या नेक्स्टवर डबल-क्लिक केलं की पुढची चौकट उघडते, मधे बाण. डेटा मेनूतलं 'डिटेक्ट अलायसेस' चालू हवं, कारण त्यामुळेच एका पत्त्याच्या दोन चौकटी एकत्र येतात. शेवटच्या नोडचा बाण थेट दुसऱ्या नोडकडे वळलेला दिसला!

तो कोण वळवतंय? प्रोग्रॅम पुन्हा सुरू करून, तो शेवटचा नोड तयार होताच त्याच्या नेक्स्टवर 'वॉच मायनस एल' लावला, म्हणजे ती किंमत बदलली की प्रोग्रॅम थांबतो. मायनस एल महत्त्वाचं: त्याने पत्त्यावरच पहारा बसतो, फंक्शन संपलं तरी उठत नाही. प्रोग्रॅम नोड हलवणाऱ्या फंक्शनमध्ये थांबला. तिथे नेक्स्टला नल देणारी ओळच नव्हती. ती घातली, यादी नीट छापली गेली.