हळद फिकी, चेहरा निळसर: व्हाइट बॅलन्सच्या या चुका टाळा

खानापूर तालुक्यातल्या एका गावात हळदीचा व्हिडिओ करत होतो. मांडवाला गुलाबी कापड, वर अकराचं ऊन, कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाप्रमाणे रंग जुळवणं, ऑटोवर. घरी येऊन बघतो तर लांबून घेतलेल्या शॉटमध्ये सगळी माणसं गुलाबी, आणि जवळ गेलो तिथं नवरीच्या गालावरची हळदच फिकी पडलेली. तिच्या आईला ते दाखवताना फार वाईट वाटलं. हळद काही पुन्हा लावता येत नाही.

ऑटोला हळद कळत नाही. चौकटीत पिवळं जास्त दिसलं की उजेडच पिवळा आहे असं धरून तो चित्र निळ्याकडे ढकलतो. झूम केलं की चौकट बदलते, म्हणून एकाच शॉटमध्ये रंग सरकतो. रॉ फोटोत, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, हे नंतर निस्तरता येतं, जेपेग या नेहमीच्या तयार फाइलमध्ये थोडंफार. नेहमीच्या व्हिडिओत मात्र रंग पक्का बसलेला असतो.

म्हणून मांडवात हातानं व्हाइट घ्या, म्हणजे साधं बिनरंगी कार्ड दाखवून कॅमेऱ्याला तिथला उजेड ओळखायला लावा. सगळ्यात जास्त चूक इथंच होते: आपण मांडवाच्या कडेला उघड्या उजेडात उभे असतो आणि तिथंच कार्ड धरून मोकळे होतो. कार्ड नवरीच्या गालापाशी हवं, तिच्या तोंडावर पडणाऱ्या उजेडात, कॅमेऱ्याकडे वळवलेलं. करवलीच्या हातात द्या, ती आनंदानं धरते. चौकट कार्डानं भरा, पण ते जास्त उजेडानं जळून पांढरंफट्ट दिसू देऊ नका. कार्ड राखाडी असलेलं बरं. आजोबांचं पांढरंशुभ्र धोतर घेऊ नका; त्याला नीळ असते, ती कॅमेऱ्याला फसवते आणि चित्र पिवळट येतं. चकचकीत पांढऱ्या कागदाचंही तेच. काही कॅमेऱ्यांत कार्डाचा फोटो काढून भागत नाही, मेनूत तो निवडून कस्टम मोडही लावावा लागतो. ही दुसरी पायरी घाईत राहून जाते. आणि मांडवातून अंगणात आलात की व्हाइट पुन्हा घ्या.

उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, उजेड जितका निळसर तितका आकडा मोठा. कॅमेऱ्यातला हा आकडा अनेकांना उलटा वाटतो. पिवळा बल्ब साधारण २८०० ते ३२००, दुपारचं ऊन ५२०० ते ५६००, ढगाळ आभाळ ६५०० च्या आसपास. पण कॅमेऱ्यात आकडा वाढवला की चित्र पिवळं होतं, कारण उजेड निळा आहे असं आपण त्याला सांगत असतो. जांबोटी, कणकुंबीकडं पावसाळ्यात झाडीखाली नुसता केल्विन पुरत नाही. पानांतून हिरवा उजेड येतो, तेव्हा टिंट, म्हणजे हिरव्या-गुलाबीचा तोल सांभाळणारं सेटिंग, थोडा मॅजेंटाकडे (जांभळट गुलाबीकडे) न्या.

हॉलमध्ये एका गालावर खिडकीचा उजेड, दुसऱ्यावर पिवळा दिवा असेल तर कुठलंही सेटिंग दोन्ही गाल सांभाळत नाही. पडदा ओढा, नाहीतर दिवा बंद करायला सांगा. एलईडीखाली पट्टे दिसत असतील तर तो व्हाइट बॅलन्सचा दोष नव्हे. आपली वीज ५० हर्ट्झची, शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवून बघा.

बेळगावच्या शिवजयंतीचे चित्ररथ रात्रभर चालतात आणि दिव्यांचे रंग क्षणाक्षणाला बदलतात. तिथं मी ४००० लावतो आणि हात लावत नाही, म्हणजे लाल दिवा लालच राहतो. सोबत दुसरा कॅमेरा असेल तर त्यावरही तोच आकडा. उजाडायला लागलं की मात्र त्याच आकड्यावर भगवे फेटे निळसर दिसू लागतात. तेव्हा दोन्ही कॅमेरे एकदमच ५५०० वर आणा.